भाजलं तर आधी पाणी, मग बाकी सगळं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी तो इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.)



बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे अर्ज झाले, आता अर्धा तास माझा. चहा येईपर्यंत एक काम करा. आपापले दोन्ही हात पुढे धरा आणि मनगटापासून कोपरापर्यंत नीट बघा. तव्याच्या कडेचा डाग आहे का? तेलाचा थेंब उडालेला गोल ठिपका? कुकरच्या वाफेची खूण? आहे ना? मग आजचा विषय तुमचाच आहे.

मोठी आग लागली की सगळं गाव धावतं. पण स्वयंपाक करताना बोट भाजलं तर बाई काय करते? चटकन बोट तोंडात घालते, "काही नाही झालं" म्हणते आणि दुसरी भाकरी थापायला घेते. आपल्याला भाजणं म्हणजे घरकामाचाच एक भाग वाटतो. त्यामुळे साधं भाजणं नीट सांभाळलं जात नाही आणि आठ दिवसांत बरी होणारी जखम महिनाभर चिघळते.

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी पापड, चकली, शेव, मसाले, खानावळ, अंगणवाडीचा आहार अशी कामं करतात. त्यांच्यासाठी हात म्हणजेच भांडवल. बँकेचं कर्ज हप्त्या-हप्त्याने फिटतं, पण आखडलेलं बोट पुन्हा सरळ करणं फार अवघड असतं. दिवाळीच्या ऑर्डरच्या दिवसांत एका ताईच्या हातावर तेल उडालं. तिने वर शाई लावली, फडकं गुंडाळलं आणि चकल्या तळत राहिली. ऑर्डर पूर्ण झाली. पण दोन बोटांमधली कातडी एकमेकींना चिकटून बरी झाली. आता तिला सोऱ्या धरता येत नाही. भाजलं होतं थोडंसंच. नुकसान झालं ते पुढच्या तीन आठवड्यांत.

म्हणून आज तीन गोष्टी शिकू. पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं आणि घरी पट्टी कशी करायची.

पहिली २० मिनिटं

तव्यावरून भाकरी उतरवली तरी तवा लगेच गार होतो का? नाही. तसंच आपल्या कातडीचं आहे. हात विस्तवापासून बाजूला घेतला तरी आत शिरलेली उष्णता बराच वेळ मांस शिजवत राहते. ती बाहेर काढायचा एकच सोपा, फुकट उपाय आहे, आणि तो म्हणजे साधं गार पाणी.

भाजल्याबरोबर तो भाग वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरा. किती वेळ? पूर्ण २० मिनिटं. दोन मिनिटांनी आग कमी वाटते आणि आपण हात काढतो, तिथेच चुकतं. घड्याळ बघा, नाहीतर शेजारणीला बघायला सांगा. भाजून तास-दोन तास झाले असतील तरी पाणी ओता. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, आमच्याकडे नळाला तीन दिवसांनी पाणी येतं, वीस मिनिटं नळ कुठून सोडायचा? बरोबर आहे. मग असं करा. हात घमेल्यावर धरा आणि तांब्याने बारीक धार सोडा. मिनिटाला एक तांब्या धरला तर वीस मिनिटांना वीस तांबे, म्हणजे साधारण एक मोठी बादली. हे पाणी वाया जात नाही, नंतर झाडाला घाला. तेवढंही नसेल तर हात स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा किंवा स्वच्छ सुती फडकं भिजवून ठेवा आणि ते गरम झालं की पुन्हा भिजवा. पाणी पिण्याजोगं स्वच्छ हवं. गुरांच्या हौदातलं नको.

उन्हाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा. गच्चीवरच्या टाकीचं आणि उन्हातल्या पाइपाचं पाणी कढत असतं. आधी ते बाजूला जाऊ द्या, हाताला गार लागलं की मगच जखमेवर घ्या. माठातलं पाणी चालतं. बर्फ मात्र चालत नाही. बर्फाने आधीच दुखावलेल्या कातडीचं रक्त थांबतं आणि जखम उलट खोल जाते.

पाणी सुरू असतानाच बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळ, हाताचा दोरा काढून घ्या. थोड्या वेळाने सूज येते, मग अंगठी बोटात रुतते. "सवाष्णीने बांगड्या काढू नयेत" म्हणून थांबू नका. बोट शाबूत राहिलं तर बांगड्या पुन्हा भरता येतात. काचेची बांगडी निघत नसेल तर फडक्यात धरून हलकेच फोडा, तुकडे जखमेत जाऊ देऊ नका.

कपडा भाजलेल्या जागेवर असेल तर काढा. पण तो कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. आजूबाजूचा कापून टाका, चिकटलेला तसाच ठेवा आणि वरूनच पाणी ओता. टेरिकॉट, नायलॉनचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, त्यांच्याबाबत हे फार महत्त्वाचं.

लहान लेकराला भाजलं तर फक्त भाजलेला भाग गार करा आणि बाकीचं अंग कोरड्या पांघरुणात उबदार ठेवा. लहान मूल पटकन गारठतं.

काय लावायचं नाही

आता जरा भांडण होणार आहे, कारण इथे प्रत्येकीच्या सासूबाईंचा एक उपाय आहे. मी एकेक नाव घेते.

टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, तूप, लोणी, बटाट्याचा कीस, इडलीचं पीठ, मीठ, चुना, राख, शेण, रॉकेल. यातलं काहीही ताज्या भाजलेल्या जागेवर लावायचं नाही.

का नाही, तेही ऐका. तेला-तुपाचा थर बसला की उष्णता आतच कोंडते. टूथपेस्ट थंड लागते म्हणून बरं वाटतं, पण ती वाळली की कातडीला धरून बसते आणि काढताना साल निघतं. शाई आणि हळद लावली की जखमेचा रंगच झाकला जातो. मग जखम किती खोल आहे हे डॉक्टरला कळत नाही, आधी ते सगळं घासून काढावं लागतं. जळलेल्या जागेवर घासणं म्हणजे काय, ते तुम्हीच विचार करा. शेण, माती आणि राखेतून धनुर्वाताचे जंतू जातात.

आपल्या आई-आजीने जे हाताशी होतं ते लावलं. त्यांच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या सगळ्या उपायांत जो खरा उपाय होता, तो त्यांच्याही रांजणात भरलेला होता. आपल्याला तो आता कळला आहे, तर तोच वापरू.

घरी सांभाळायचं की डॉक्टरकडे जायचं?

पाणी ओतून झालं की जखम उजेडात बघा. दोन गोष्टी बघायच्या, किती मोठी आहे आणि किती खोल आहे.

मोजायला पट्टी नको. जिला भाजलंय तिचाच तळहात बोटांसकट घ्या. तेवढी जागा म्हणजे तिच्या शरीराचा साधारण शंभरावा भाग. लेकराला भाजलं असेल तर लेकराचा तळहात, आपला नाही.

खोलीचं असं आहे. कातडी नुसती लाल झाली, आग होते, फोड नाही, तर ती वरवरची जखम. आठवडाभरात जाते. फोड आला, ओलसर गुलाबी दिसतं आणि खूप दुखतं, तर थोडी खोल. छोटी असेल तर दोन आठवड्यांत बरी होते. आणि जागा पांढरी, तपकिरी किंवा काळी पडली, चामड्यासारखी कडक झाली आणि दुखत नाही, तर ती सगळ्यात वाईट. बायका म्हणतात, "दुखत नाही म्हणजे थोडंच आहे." उलट आहे. दुखणं सांगणाऱ्या नसाच जळल्या, म्हणून दुखत नाही.

आता ही यादी पाठ करा. यातलं एक जरी असेल तर २० मिनिटं पाणी ओता आणि दवाखाना गाठा:

• भाजलेली जागा तिच्या तळहातापेक्षा मोठी आहे.
• जागा पांढरी, काळी, कडक किंवा बधिर आहे.
• चेहरा, मान, हाताचे पंजे, पावलं, सांधे किंवा लघवीच्या जागेजवळ भाजलंय आणि फोड आले आहेत.
• हात, पाय किंवा बोट सगळ्या बाजूंनी गोल भाजलंय.
• पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा साखरेचा आजार असलेली व्यक्ती आहे.
• विजेचा शॉक, ॲसिड, फरशी-संडास धुण्याचं औषध किंवा चुन्याने भाजलंय.
• धूर छातीत गेलाय, आवाज बसलाय, नाकातले केस जळलेत, दम लागतोय. इथे एक मिनिटही थांबायचं नाही.

विजेने भाजलं तर बाहेर फक्त ठिपका दिसतो, पण आत जास्त नुकसान असतं आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. कोरडा चुना अंगावर पडला तर आधी कोरड्या फडक्याने झटका, मग भरपूर पाणी. चुना डोळ्यात गेला तर तिथल्या तिथे डोळा उघडा धरून पाण्याची धार सोडा, निदान अर्धा तास, आणि मग थेट दवाखाना.

जाताना जखमेवर काही लावू नका. स्वच्छ, धुतलेल्या, मऊ सुती कापडाने सैल झाका. हात भाजला असेल तर स्वच्छ, कोरी प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून मनगटाशी सैल बांधली तरी चालते, ती चिकटत नाही. गंभीर असेल तर १०८ वर फोन करा, गाडी येते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा समावेश आहे. म्हणून निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या. कागद सापडेना म्हणून थांबू मात्र नका, ते मागाहून कुणीतरी आणेल.

घरी पट्टी कशी करायची

आता छोट्या जखमेचं बघू. तळहातापेक्षा लहान आहे, नुसती लाल आहे किंवा एखादा छोटा फोड आहे आणि वरच्या यादीतलं काहीच नाही. हिला आपण घरी सांभाळू शकतो.

लागणारं सामान: साबण, उकळून गार केलेलं पाणी किंवा मेडिकलमधली सलाईनची छोटी बाटली, पाकिटबंद जाळीची पट्टी, पॅराफिन लावलेली जाळी, गुंडाळायचं बँडेज, चिकटपट्टी आणि कात्री.

१. आधी हात धुवा. साबणाने, नखांपर्यंत, आणि हवेत वाळू द्या. पदराला पुसायचे नाहीत. पदराने आपण भांडं धरतो, लेकराचं नाक पुसतो, तोच जखमेला लावायचा नाही.

२. जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच धुवा. सौम्य साबण चालतो. डेटॉल, स्पिरिट, आयोडीन थेट ओतू नका, नवी येणारी कातडी त्याने जळते.

३. स्वच्छ जाळीने टिपून कोरडी करा. टिपायची, पुसायची नाही. फोड तसाच ठेवा.

४. त्यावर पॅराफिनची जाळी ठेवा. ती तेलकट असते म्हणून जखमेला चिकटत नाही. मेडिकलमध्ये "भाजलेल्या जखमेची न चिकटणारी जाळी द्या" म्हटलं तरी देतात. ती नसेल तर जाळीच्या पट्टीवर स्वच्छ व्हॅसलिनचा पातळ थर लावून ठेवा. पण हे जागा पूर्ण गार झाल्यावरच, पहिल्या वीस मिनिटांत नाही. कापूस थेट जखमेवर कधीच नको, त्याचे धागे आत रुततात.

५. वर कोरड्या जाळीच्या दोन-तीन घड्या ठेवा, पाझरणारं पाणी शोषून घ्यायला.

६. मग बँडेज सैलसर गुंडाळा. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा आणि दोन बोटांच्या मध्ये जाळी घाला. मघाशी ज्या ताईचं सांगितलं, तिचं इथेच राहून गेलं. चिकटपट्टी फक्त चांगल्या कातडीवर लावा.

७. नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं पाहिजे. झालं नाही, बोट गार पडलं किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट झालीय. सोडा आणि पुन्हा बांधा.

पट्टी कधी बदलायची? कोरडी आणि स्वच्छ असेल तर दोन दिवसांनी बघा. भिजली, मळली, वास आला तर लगेच. रोज उघडून शेजारणींना दाखवायची नाही! चिकटली असेल तर ओढू नका, उकळून गार केलेल्या पाण्याने दहा मिनिटं भिजवा, आपोआप सुटते.

पाकिटातली जाळी मिळालीच नाही तर जुनं, मऊ, पांढरं सुती कापड साबणाने धुवा, वीस मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, गरम इस्त्री फिरवा आणि स्वच्छ डब्यात ठेवा. हे काम भाजल्यावर करायला वेळ नसतो. आधीच करून ठेवा.

फोड, दुखणं आणि खाणं-पिणं

फोड म्हणजे देवाने दिलेली पट्टी. आतलं पाणी स्वच्छ असतं आणि वरची कातडी जंतूंना अडवते. सुईने फोडला की दार उघडलं. आपोआप फुटला तर धुवा, वरची कातडी ओढून काढू नका आणि पट्टी करा. फोड फार मोठा असेल किंवा सांध्यावर असेल तर डॉक्टर ठरवतील.

दुखत असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी घ्यावी. लागली तर सहा तासांनी पुन्हा, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर विचारून. लेकरांचा डोस वजनावर असतो, तो आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. जखम पिकू नये म्हणून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं नसेल किंवा आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

भाजलेल्या बाईला "पथ्य" म्हणून नुसता वरणभात देतात, अंडं बंद, शेंगदाणे बंद, "पू होईल" म्हणतात. पू खाण्याने होत नाही, जंतूंनी होतो. नवी कातडी विणायला शरीराला सामान लागतं. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, पालेभाजी, लिंबू, आवळा. जे घरी आहे ते द्या आणि दोन घास जास्तच द्या.

हात दुखतो म्हणून गळ्यात बांधून आठवडाभर तसाच ठेवू नका. पहिले दोन दिवस उशीवर उंच ठेवा, सूज उतरते. आणि दिवसातून चार-पाच वेळा बोटं पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. थोडं दुखेल. तेवढं सोसा, म्हणजे सांधा आखडणार नाही.

पट्टीच्या दिवसांत जखमेवर नजर ठेवा. लाली आजूबाजूला पसरते आहे, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, पू किंवा घाण वास येतो, ताप आला, काखेत गाठ आली, तर जखम चिघळतेय. आणि दोन आठवड्यांत भरली नाही, तर काहीच लक्षण नसलं तरी डॉक्टरला दाखवायची.

जखम पूर्ण भरली की मग खोबरेल तेल. नवी कातडी कोरडी असते, खाज सुटते. दिवसातून दोन-तीनदा हलक्या हाताने चोळा. काही महिने ती जागा उन्हात झाका, नाहीतर डाग काळा पडतो.

एक गोष्ट हळू आवाजात

प्रत्येक वेळी तव्यानेच भाजतं असं नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. कुणी मुद्दाम चटका दिला असेल, अंगावर काही ओतलं असेल, जाळण्याची धमकी दिली असेल, तर "स्वयंपाक करताना भाजलं" असं दवाखान्यात सांगायचं दडपण बाईवर येतं. मैत्रिणींनो, उपचार आधी. पण डॉक्टरला खरं कारण सांगा, कागदावर तेच लिहिलं जातं. महिला मदतीसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर आहेत. गटातली एखादी ताई बैठकीला येईनाशी झाली, उन्हाळ्यात लांब बाह्या घालायला लागली, तर हप्ता मागायला नाही, तिला बघायला घरी जा. एकटी नको, दोघी-तिघी जा.

भाजूच नये म्हणून

पदर कमरेला खोचा. चुलीपाशी आणि कढईपाशी सुती कपडे घाला. भांड्यांचे दांडे आत वळवा. चूल जमिनीवर असेल तर भोवती तीन फुटांवर रेघ ओढा आणि लेकरांना सांगा, ही सीमा. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बादलीत नुसतं कढत पाणी ठेवून टॉवेल आणायला गेलात की रांगणारं पोर तिथे पोचतंच. चहाचा कप हातात आणि बाळ मांडीवर, असं नको.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका, भडका उडतो. गॅस बंद करा आणि वर झाकण सरकवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. गॅसची नळी आयएसआय खुणेची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी.

साडीने पेट घेतला तर पळू नका. वारा लागला की आग वाढते. जागीच थांबा, खाली पडा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. दुसरीने घोंगडी किंवा जाड सुती गोधडी टाकून आग विझवावी. आग विझली की ती लगेच काढावी आणि पाणी ओतावं.

सभेत विचारलेले प्रश्न

*एका मावशींनी विचारलं: कोरफड तर चालते ना?*
मावशी, जागा पूर्ण गार झाली असेल, नुसती लाल असेल आणि कातडी फाटली नसेल, तर कोरफडीने थंड वाटतं. पण फोड आला असेल किंवा कातडी निघाली असेल तर अंगणातली कोरफड नको, तिच्याबरोबर माती जाते.

*मेडिकलवाला पांढरी मलम देतो, ती लावावी का?*
ती बहुतेक सिल्व्हर सल्फाडायझिनची असते. छोट्या जखमेला ती लागतेच असं नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना, दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला ती चालत नाही. म्हणून डॉक्टरने सांगितली तरच लावा.

*मसाल्याच्या कामात मिरचीने हातांची आग आग होते. त्यालाही पाणीच का?*
हे भाजणं वेगळं. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, पुसून काढा, मग साबणाने धुवा. असं दोन-तीनदा करा. तोवर डोळ्याला हात लावू नका. आणि गटाने हातमोजे घ्या.

आता काम तुमचं

ऐकलं आणि घरी गेलो, असं नको. येत्या महिन्यात प्रत्येक गटाने एक डबा तयार करावा. त्यात पॅराफिनच्या जाळीची पाकिटं, कोरड्या जाळ्या, चार बँडेज, चिकटपट्टी, सलाईनच्या दोन बाटल्या, कात्री, साबण आणि पॅरासिटामॉल. झाकणाच्या आत कागद चिकटवा: "आधी २० मिनिटं पाणी", त्याखाली १०८, ११२, १८१, १९०६ आणि आपल्या आशाताईंचा नंबर. खर्च गटाच्या निधीतून करायचा ठराव घ्या आणि वहीत लिहा. डबा कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत हवं, आणि तिच्या कपाटाला कुलूप नको. तीन महिन्यांनी औषधांच्या तारखा तपासा.

जिथे तळणीचं काम चालतं तिथे कढईपासून दहा पावलांच्या आत स्वच्छ पाण्याची भरलेली, झाकलेली बादली आणि तांब्या ठेवा. आणि एक नियम करा. कामात जिला भाजेल ती वीस मिनिटं पाण्यापाशी बसेल आणि तिचा घाणा दुसरी सांभाळेल. तिची मजुरी कापायची नाही. मजुरी कापली जाईल या भीतीनेच बाई भाजलेला हात लपवते. हा नियम वहीत लिहिलेला असेल तर तिला लपवावं लागणार नाही.

पुढच्या सभेला मी येणार आहे. ज्या गटाचा डबा तयार असेल त्यांनी तो घेऊन या, आपण एकमेकींच्या हातावर पट्टी बांधून बघू. चला, चहा आला. कप जरा जपून धरा.